पगारे मॅडमना चुका हव्यात

रविवारी सकाळची वंदना आटोपली. बाया-माणसं विहाराच्या पायरीवर आपापल्या चपला शोधायला लागली, तेव्हा आत संजना पगारे मॅडम फरशीवर मांडी ठोकून उत्तरपत्रिकांच्या चळती लावत बसल्या होत्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. ते त्रिशरण नव्हतं, एवढं पायरीवरसुद्धा कळत होतं.

"साठपैकी अठ्ठावन्न. साठपैकी सत्तावन्न. पुन्हा अठ्ठावन्न. अरे, माणसांची पोरं आहात का साच्यातल्या इडल्या?"

त्यांचे यजमान किशोरराव थर्मासमधून चहा ओतत होते. कप पुढे करत म्हणाले, "हुशार असतील."

"एकशे अठराच्या एकशे अठरा?"

"सिन्नरच्या पाण्याचा गुण असेल."

"सिन्नरला पाणी असतं का, आधी ते सांगा." मॅडमनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तो चहा किशोररावांनी स्वतःच पिऊन टाकला.

घरात एवढा पसारा मांडायला जागा नव्हती, म्हणून विहाराची फरशी. सहा शाळांच्या मिळून पाचशे चाळीस उत्तरपत्रिका होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक चळतीवर किशोररावांनी कारखान्यातून आणलेला एकेक रिजेक्ट झालेला लोखंडी पार्ट ठेवला होता.

मॅडमचं घराणंच मुळी दोष काढणाऱ्यांचं. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. छापून आलेल्या कागदावरचा डाग, तिरकी रेघ हुडकण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. नवरा अंबडला इन्स्पेक्शन खात्यात. पार्टला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं, बसलं तर ओके, नाही बसलं तर लाल डबा. आणि मॅडम अंबडच्याच अंगाला एका शाळेत अकरावीला अर्थशास्त्र शिकवतात, म्हणजे पोरांच्या चुका काढतात. या घरात भाजीला मीठ कमी पडलं, तर किती कमी पडलं यावरही चर्चा होते.

पण मॅडमना बहुपर्यायी प्रश्नांचं वेड लागलं ते घराण्यामुळे नाही. आठवीत असताना त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणीने एकाच गाईडमधून एकच उत्तर, शब्दाला शब्द, पाठ करून लिहिलं. मैत्रिणीला दहापैकी आठ, संजनाला पाच. विचारायला गेली तर गुरुजी म्हणाले, "मांडणीचे गेले." मांडणी म्हणजे काय हे गुरुजींनी सांगितलं नाही, आणि वर्गात नेमकी कोणाची मांडणी कमी पडते हे संजनाला हळूहळू आपोआप कळत गेलं. पुढे बी.एड.ला असताना चार पर्यायांचे चार गोल पहिल्यांदा समोर आले, तेव्हा तिला एकदम मोकळं वाटलं. गोलाला हस्ताक्षर नसतं. गोलाला आडनाव नसतं.

म्हणून मग ही चाचणी. चार वर्षं मॅडम तिच्यामागे होत्या. लोकांना वाटतं, असले प्रश्न काढणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. बरोबर उत्तर तर कुणीही पुस्तकातून उचलतो. चुकीचं उत्तर पोराच्या डोक्यातून काढावं लागतं. त्यासाठी मॅडमची एक वही होती. 'चलनवाढ झाली की सगळे श्रीमंत होतात, कारण नोटा वाढतात.' 'राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे सरकारचा पगार.' वर्षानुवर्षं पोरांनी केलेल्या अशा चुका त्यात तारखेनिशी उतरवलेल्या. आजीबाई वाळवणं जपतात तशी त्या ही वही जपायच्या. अशा चुकांतून पर्याय तयार झाले, पर्यायांतून एकशे चाळीस प्रश्न. ते आधी आपल्याच मागच्या वर्षीच्या पोरांना घातले. मग ज्यांना जास्त गुण पडले त्यांचा एक गठ्ठा, ज्यांना कमी पडले त्यांचा दुसरा, आणि प्रत्येक प्रश्नाला जाब विचारायचा: बाबा रे, तू वरच्या गठ्ठ्यातल्या किती जणांना सुटलास आणि खालच्या किती जणांना? दोन्हीकडे सारखाच सुटणारा प्रश्न फुकट खाणारा. खालच्यांना सुटतो आणि वरच्यांना नाही, तो तर उलट्या काळजाचा. असे ऐंशी प्रश्न घराबाहेर काढले आणि साठ ठेवले.

हे कळल्यावर त्यांच्या शिक्षणसंस्थेचे समन्वयक हर्षल सर खूश झाले. वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात डेटा. "मॅडम, संस्थेच्या सहा शाळांत घेऊ. सरासरी काढू. त्यावरून तक्ता करू: उत्तम, मध्यम, कच्चा. जूनपासून लागू!" कच्च्या गटातल्या पोरांची वेगळी तुकडी, आणि बारावीला हा विषय सोडण्याचा सल्ला. आपल्याकडे सल्ला संस्थेच्या लेटरहेडवर आला की त्याला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि आता तो तक्ता फरशीवर तयार होत होता. सिन्नरकडच्या शाळेची सरासरी सत्तावन्न. (शाळेचं नाव सांगत नाही, पोरांचा त्यात दोष नव्हता.) आणखी दोन शाळा, छप्पन्न आणि पंचावन्न. त्र्यंबकेश्वरकडच्या शाळेची अठ्ठावीस, शहरातल्या एका शाळेची तेहतीस. आणि मॅडमच्या स्वतःच्या पोरांची एकतीस. सगळं मिळून सरासरी काढली, तर मॅडमचा जवळजवळ अख्खा वर्ग 'कच्चा'.

"म्हणजे मी चार वर्षं राबून काय केलं?" मॅडम म्हणाल्या. "माझ्याच पोरांच्या कपाळावर मारायला शिक्का तयार केला!"

किशोरराव एक पार्ट हातात घोळवत होते. "आमच्याकडे एका लॉटमधले सगळेच्या सगळे पार्ट ओके आले ना, तर आम्ही पेढे वाटत नाही. आधी गेज बघतो."

मॅडमनी गेज काढलं. एका लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर बरोबर उत्तरांच्या जागी किशोररावांनी पंचाने पाडून दिलेली साठ भोकं. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकातून काळा गोल दिसला की गुण, पांढरा दिसला की चूक. आतापर्यंत त्या नुसते काळे मोजत होत्या. आता पांढरे बघायला लागल्या.

विषम हजेरी क्रमांकाच्या पोरांचा बारावा प्रश्न चुकलेला. सम क्रमांकाच्या पोरांचा चव्वेचाळिसावा चुकलेला.

"समान वाटप!" मॅडम किंचाळल्या. "अहो, चुकासुद्धा पोरांना रांगेत उभं करून वाटल्यात! रेशनसारख्या!"

आणि शिवाय जवळजवळ सगळ्यांचाच एक प्रश्न चुकला होता. सदतिसावा. पत्रिकेमागून पत्रिका, सदतिसावं भोक पांढरं. मॅडमनी पुठ्ठा उचलून बघितलं. प्रश्न असा होता: बाजार समितीत कांद्याची आवक दुप्पट झाली, मागणी होती तेवढीच राहिली, तर कांद्याचा भाव काय होईल? अ, वाढेल. ब, उतरेल. क, तोच राहील. ड, सांगता येत नाही.

नियमाला मुरड घालून मुद्दाम सोपा ठेवलेला प्रश्न. चढणीवर बसायला एक दगड असावा ना, तसा.

आणि सिन्नरच्या एकशे सात पोरांनी लिहिलं होतं: वाढेल.

नाशिक जिल्ह्यात! जिथे बालवाडीतलं पोरगं आईच्या चेहऱ्यावरून आज कांद्याचा लिलाव काय झाला ते सांगतं, तिथली सतरा वर्षांची घोडी म्हणत होती, की आवक वाढली की भाव वाढतो. मॅडमनी आधी पुठ्ठ्यावरचं भोक ताडून पाहिलं, ते 'ब'वरच होतं. मग त्यांनी पिशवीतून शाळांना पाठवलेल्या उत्तरसूचीची प्रत काढली. बारीक बघितली. सदतीस, अ.

टाइप करणाऱ्या लखनच्या हातून 'ब'चा 'अ' झाला होता. आणि खाली निळ्या शाईत सही होती: 'तपासले, सं. पगारे.'

मॅडमनी पुठ्ठा फरशीवर आपटला. असा, की पायरीवरच्या बायांनी वळून पाहिलं.

उत्तरसूची प्रत्येक गठ्ठ्यासोबत बंद पाकिटात गेली होती. वर तांबड्या अक्षरांत 'चाचणी संपल्यानंतरच उघडावे'. चाचणी झाल्यावर शिक्षकांनी पोरांना उत्तरं समजावून सांगावीत, एवढाच मॅडमचा भाबडा हेतू.

"गेज आणि पार्ट एकाच पेटीत पाठवतं का कोणी?" किशोरराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." मग जरा वेळाने, "आणि चहा ओता."

चहा पिता पिता त्यांनी उरलेल्या अकरा पत्रिका बाजूला काढल्या. या अकरा जणांनी 'ब' लिहिलं होतं. त्यांतल्या एकीने, हर्षाली तिचं नाव, आधी अ काळा केला होता, मग खोडून ब केला होता, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सर अ म्हणाले. पण आमच्या घरी कांदा आहे. म्हणून ब.'

मॅडमनी ती पत्रिका घडी न घालता पर्समध्ये ठेवली.

मंगळवारी रजा टाकून त्या सिन्नरच्या एसटीत बसल्या. वाटेत भांडणाची वाक्यं तयार केली, चढत्या क्रमाने. शाळेत पोचतात तर मुख्याध्यापक पुंजाराम सर फाटकापर्यंत आलेले. पांढरं धोतर-टोपी नव्हे, चौकड्यांचा शर्ट आणि खिशात तीन पेनं. मॅडम तोंड उघडणार तोच शिपाई शाल घेऊन आला, मागून नारळ. बाहेरचं कोणीही फाटकातून आत आलं की सत्कार, अशी शाळेची रीतच. भांडायला आलेल्या बाईच्या खांद्यावर शाल पडली, की निम्मं भांडण शालीखालीच गुदमरतं.

तरीही मॅडम शाल सावरत म्हणाल्या, "सर, पाकीट फोडलंत."

पुंजाराम सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "फोडलं. मंग काय करता? संस्थेचा पेपर आला. पाहुण्यांपुढं पोरांची लाज काढायची का?"

"अहो, पण मला चुका हव्या होत्या! पोरांना काय येत नाही तेच तर बघायचं होतं!"

सर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई खरंच बोलतेय. "मॅडम, एकोणतीस वर्षं झाली मला नोकरीत. इथं जो आला तो टक्के मागायला आला. चुका मागायला आलेल्या तुम्ही पयल्या. मागं एक साल निकाल पडला, तर आम्हा सगळ्यांना नोटिसा. का पडला म्हणून. पोरं कांदे काढायला गेली व्हती म्हणून पडला, हे लिहिलं तर म्हणले, हे कारण फॉर्मात बसत नाय."

मॅडमनी चढत्या क्रमातली पुढची दोन वाक्यं गिळली. पण सदतिसावा प्रश्न त्यांना गिळवेना.

"सर, तुमच्या घरी कांदा असतो?"

"असतो की. दीड एकर. का?"

"मग आवक दुप्पट झाली की भाव वाढतो, असं पोरांना कसं सांगितलंत? जीभ कशी रेटली?"

पुंजाराम सर खाली बघायला लागले. टेबलावरच्या काचेखाली जुन्या बॅचचे फोटो होते, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "अडखळलो व्हतो मी तिथं. एक पोरगी उठून बोललीबी, सर, असं नसतं. मी म्हणलं, बस खाली. मला वाटलं, मॅडम, आपल्या बाजारात नसंल तसं. पण अर्थशास्त्रात असंल."

मॅडमचा राग त्या क्षणी पुंजाराम सरांवरून उठला आणि बसायला दुसरी जागा शोधू लागला. दीड एकर कांदा करणारा, एकोणतीस वर्षं शिकवलेला माणूस. रोज डोळ्यांनी बघतो ते खोटं, आणि लखनने चुकून टाइप केलेलं ते खरं, कारण ते छापलेलं आहे! असा कोणता विषय शिकवतो आपण, की ज्यात काहीही असू शकतं असं लोकांना वाटावं?

त्यांनी पर्समधली पत्रिका काढून सरांपुढे ठेवली. सरांनी समासातली ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"ही तीच पोरगी," एवढंच म्हणाले.

गुरुवारी संस्थेत बैठक झाली. हर्षल सरांनी भिंतीवर तक्ता दाखवला. "एकच प्रश्न प्रॉब्लेम करतोय, मॅडम. सदतीस. वरच्या गटातल्यांना चुकलाय, खालच्या गटातल्यांना बरोबर आलाय. उलटा चालतोय. नियमाप्रमाणे काढून टाकू. एकोणसाठची चाचणी करू."

नियम बरोबर होता. मॅडमनीच तो त्यांना शिकवला होता.

"चोरीच्या घरातला एकच साक्षीदार खरं बोलतोय, तर त्याला हाकलून देताय," मॅडम म्हणाल्या. "सर, हा प्रश्न उलटा नाही चालत. तुमचा वरचा गटच उलटा आहे. पाकिटं फुटलीत, तीन शाळांत. माझ्या उत्तरसूचीत चूक होती, तीच चूक तीनही शाळांच्या पोरांनी उतरवलीय. बघा हवं तर."

हर्षल सरांनी बघितलं नाही. म्हणाले, "तक्ता छापायला गेलाय."

"परत आणा."

"मॅडम, सरासरी चांगली आलीय! संस्थेचं नाव होतंय!"

"संस्थेचं नाव होतंय आणि माझी पोरं कच्ची होताहेत! त्यांनी काय पाप केलं? न बघता लिहिलं हे? आई-बाप शिफ्टमध्ये, एका खोलीत पाच माणसं, त्यातून बसून एकतीस प्रश्न स्वतःच्या डोक्याने सोडवलेत त्यांनी. एकतीस! अस्सल! त्यांना तुम्ही सांगणार, की तुम्ही सिन्नरच्या निम्मेच आहात? आणि सिन्नरच्या पोरांना सांगणार, की तुम्हाला सगळं येतं, आता शिकायचं काही राहिलं नाही? दोघांचंही वाटोळं एकाच तक्त्यात!"

त्याच दुपारी मॅडमनी संस्थेला पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य असं: 'उत्तरसूचीतील प्रश्न सदतीसचे उत्तर चुकीचे छापले गेले, ते मी तपासले होते, चूक माझी आहे.' पुढे दीड पान बाकीचं.

आठ दिवसांनी संस्थेकडून चार पत्रं निघाली. तीन शाळांना उत्तम सरासरीबद्दल अभिनंदनाची. चौथं मॅडमना: उत्तरसूचीत अक्षम्य चूक केल्याबद्दल पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा.

म्हणजे बघा. पाकिटं फोडणाऱ्यांचं अभिनंदन, वर बघून खाली लिहिणाऱ्यांना 'उत्तम', डोळे मिटून तक्ता करणारा तसाच खुर्चीत, आणि या सगळ्या वरातीत नोटीस कुणाला, तर 'माझी चूक झाली' असं लिहिणाऱ्या एकट्या बाईला. किशोरराव नोटीस वाचून म्हणाले, "लॉटमधला एकच खरा पार्ट सापडला बघ त्यांना. टाकला लाल डब्यात." मॅडम हसल्या नाहीत. पोळी लाटता लाटता लाटणं इतकं जोरात फिरत होतं, की पोळीचा जिल्हा बदलत होता.

नोटिशीची बातमी शिक्षकांत पसरायला कुठलं पाकीट फोडावं लागत नाही. शनिवारी सकाळी पुंजाराम सरांचा फोन आला.

"मॅडम, नोटीस आली म्हणं तुम्हाला?"

"आली. तुम्हाला अभिनंदन आलं ना?"

"आलं. दप्तरात नाय लावलं मी ते." मग म्हणाले, "मीबी एक पत्र धाडलंय संस्थेला. पाकीट मी फोडलं, असं. आता निवृत्तीला दीड साल राहिलं, काय करत्याल? तुम्ही या परत. पेपर आणा, पाकीट आणू नका. पोरं चुकतील. लय चुकतील."

"पण सर, उत्तरं सांगून झालीत ना त्यांना?"

"उतरवलंय त्यांनी, मॅडम. उतरवलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय?"

तरी मॅडमनी रात्र न घालवता दुपारच्या दुपारी प्रश्न आणि पर्याय उलटेपालटे केले. फक्त सदतिसावा जिथल्या तिथे ठेवला.

पुन्हा सिन्नर. या खेपेला सत्कार नको, असं मॅडमनी फोनवरच बजावलं होतं, म्हणून नुसताच नारळ मिळाला. पुंजाराम सरांनी वर्गात उभं राहून सांगितलं, "पोरांहो, येत नसंल ते चुकवा. पण स्वतःचं चुकवा. शेजारच्याची चूक उचलाल तर याद राखा!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शाळेने त्यांना असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. मग स्वतः सर एक पेपर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पेनचं टोपण चावत सोडवायला लागले.

मॅडमनी तिथेच स्टाफरूममध्ये नव्या भोकांचा पुठ्ठा काढला. बावीस. पस्तीस. एकोणतीस. सव्वीस. प्रत्येक पत्रिकेची चूक निराळी, प्रत्येक पोराची स्वतःची. नोटा वाढल्या की श्रीमंत होणारे निघाले, सरकारला पगार देणारे निघाले. मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद, की चहा आणणाऱ्या शिपायाला वाटलं, शंभर टक्के निकाल लागला. सरासरी तीस. हर्षालीचे एक्केचाळीस, सगळ्यांत जास्त. आणि सदतिसावं भोक, दोघं सोडून सगळ्यांचं काळंभोर.

शेवटी पुंजाराम सरांनी आपली पत्रिका हळूच पुढे सरकवली. "माझं किती?"

"अडतीस."

"आणि ते कांद्याचं?"

मॅडमनी पुठ्ठा त्यांच्याकडे फिरवला. सर वाकून त्या भोकातून बराच वेळ बघत राहिले.

सरांच्या पत्रामुळे छापायला गेलेला तक्ता परत आला. बाकीच्या दोन शाळांनी 'आमच्याकडे असे काही घडले नाही' असं लेखी कळवलं, त्यांचं अभिनंदन त्यांच्या भिंतीवर अजून आहे. त्यांना वगळून चार शाळांवर नवा तक्ता झाला, आणि त्यात एकतीस गुण मध्यम गटात आले, अगदी मधोमध. मॅडमच्या वर्गातून कुणाला विषय सोडण्याचा सल्ला गेला नाही.

सदतिसावा प्रश्न मात्र पुन्हा नियमात अडकला. आता तो वरच्यांनाही सुटत होता आणि खालच्यांनाही. म्हणजे फुकट खाणारा. हर्षल सरांनी फोन करून आठवण दिली, "मॅडम, आता तरी काढाल ना?" मॅडम म्हणाल्या, "गुणांतून काढते. पेपरातून नाही काढणार. तो पहारेकरी आहे."

खुलाशाची मुदत संपायच्या दिवशी त्यांनी उत्तर लिहून किशोररावांना वाचायला दिलं. दोनच ओळी होत्या. 'प्रश्न सदतीसच्या उत्तराची चूक अनवधानाने झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. यापुढे दर वर्षी उत्तरसूचीत एक चूक मुद्दाम ठेवण्यात येईल, कोणती ते कळवले जाणार नाही.'

"दुसरी ओळ काढ," किशोरराव म्हणाले. "आणखी एक नोटीस येईल."

मॅडमनी कागद त्यांच्या हातातून घेतला, खाली निळ्या शाईत 'तपासले, सं. पगारे' लिहिलं, आणि पाकीट डिंकाने बंद केलं.